साईटचा डेटा, सुपरवायझरचा मोबाईल आणि ऑफिसचा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न

नाशकात सध्या पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत कुठेही जा, हिरवी जाळी लावलेली एक तरी बिल्डिंग दिसतेच, त्यामुळे या महिन्यात प्रश्न पण सगळे साईटचेच आलेत. एकाने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल विचारलंय, ते पुढच्या वेळी घेते, आज फक्त सॉफ्टवेअरवाले.

प्रश्न : ताई, आमची पाथर्डी फाट्याजवळ सात मजल्यांची दोन विंगांची साईट आहे. मालकांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेतलं, ट्रेनिंगवाला दोन तास बोलून गेला, आणि आता मला सांगितलंय की सगळा डेटा तू भर. मी डिप्लोमावाला, साईटवर चार वर्षं झाली, पण ते उघडलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आधी शेड्युल टाकू, मटेरियल टाकू का लेबर?
साईट इंजिनिअर, इंदिरानगर

उत्तर : भाऊ, तिन्ही नको. आधी सॉफ्टवेअर बंद करा आणि स्टोअरकीपर, सुपरवायझर आणि अकाउंटवाले या तिघांना एक दिवस एका टेबलाशी बसवा, मिसळ मागवा, कारण वाद होणार आहेत. त्या दिवशी फक्त दोन गोष्टी ठरवायच्या, कोणत्या वस्तूला काय नाव आणि कोणत्या वस्तूचं युनिट काय. हे ऐकायला फारच साधं वाटतं म्हणून सगळे हेच टाळतात आणि मग सहा महिने रडतात, त्यात मी पण आले.

माझ्याच एका साईटवरचं सांगते, गंगापूर रोडच्या बाजूला होती. स्क्रीनवर सिमेंट ४३० पोती, गोडाऊनमध्ये मी स्वतः तोंडाला ओढणी बांधून मोजली तर १९०. पहिला संशय चोरीचा, वॉचमनला उगाच दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं. मग फरकाकडे नीट बघितलं तर बरोबर २४० पोती, म्हणजे ५० किलोच्या हिशोबाने १२ टन, म्हणजे अख्खी एक गाडी. झालं होतं असं की गाडी उतरली तेव्हा सुपरवायझरने मोबाईलवरून ती 'सिमेंट ५३' या नावाने घेतली, आणि संध्याकाळी स्टोअरकीपरने चलन (मालासोबतची पावती) बघून तीच गाडी 'ओपीसी सिमेंट' या नावाने परत घेतली. वापर मात्र रोज 'ओपीसी सिमेंट' मधूनच वजा व्हायचा, त्यामुळे 'सिमेंट ५३' ची पोती स्क्रीनवर तशीच्या तशी बसून राहिली. सॉफ्टवेअरची काही चूक नाही, त्याला दोन वस्तू सांगितल्या, त्याने दोन दाखवल्या. तेव्हापासून माझा नियम एकच, गाडी आत आली की एन्ट्री स्टोअरकीपरच करणार, दुसरं कोणी त्या पानाला हात लावणार नाही, मालक आले तरी नाही. आणि नवीन वस्तूचं नाव तयार करायचा अधिकार सगळ्या साईटमध्ये एकाच माणसाकडे, बाकीच्यांनी यादीतून निवडायचं.

आता युनिट. आपल्याकडे ब्रास या शब्दाने फार घोळ होतो. क्रश सॅन्ड, खडी मागवताना ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. आणि प्लास्टरवाला किंवा टाईल्सवाला ब्रास म्हणतो तेव्हा ते १०० चौरस फूट असतात. तुमच्या यादीत नुसतं 'ब्रास' असं युनिट असेल तर कोणी ना कोणी दोन्हीची बेरीज करणारच, म्हणून 'ब्रास घन' आणि 'ब्रास चौरस' अशी दोन वेगळी युनिटं करा. आरएमसी (प्लँटवरून तयार येणारं काँक्रीट) घनमीटरमध्येच ठेवा, प्लँटचं चलन तसंच येतं.

स्टीलचं त्याहून मजेशीर आहे. गाडी येते टनात, बार बेंडर मोजतो नगात, बीबीएस (बार कापायची-वाकवायची यादी) निघतं किलोत. एका मीटरचं वजन काढायला आपण सगळेच मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ करतो, म्हणजे १६ एमएमचा मीटर १.५८ किलो आणि १२ मीटरचा अख्खा बार १९ किलोच्या जरासा आत. पण काट्यावरचं वजन आणि हे गणित कधीच तंतोतंत जुळत नाही, आयएस १७८६ या स्टीलच्या भारतीय मानकातच १० एमएमपर्यंतच्या बारला ७ टक्के, १६ पर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे ३ टक्के इकडेतिकडे चालतं. त्यामुळे आवक काट्याच्या वजनाने घेतलीत आणि वापर नग गुणिले गणिताचं वजन असा वजा केलात तर महिन्याअखेरीला दोन-चारशे किलो कुठे गेले म्हणून भांडणं ठरलेली. दोन्ही किलोत ठेवा, पण आवकेच्या एन्ट्रीत काट्याचं वजन आणि नग असे दोन्ही कॉलम ठेवा, म्हणजे फरक रोलिंगचा (कारखान्यातच बार थोडा जाड-बारीक निघाल्याचा) आहे का खरंच माल गेलाय ते त्याच दिवशी कळतं.

तिसरं म्हणजे जागेचे कोड. विंग, मजला, फ्लॅट असं काहीतरी आखूड ठरवा, पण एक्सेलमधून अपलोड करणार असाल तर जपून. फ्लॅट ००४ चा एक्सेल सरळ ४ करून टाकतं, 'दुसरी बिल्डिंग ई विंग १०' म्हणून २ई१० असं इंग्रजीत टाकलं तर त्याला तो दोनावर दहा शून्यं असलेला आकडा वाटतो, आणि ३-४ लिहिलं तर तारीख. म्हणून कोडच्या सुरुवातीला कायम अक्षर, आणि कॉलम आधी टेक्स्ट करून मगच टाईप करायचं, नंतर टेक्स्ट करून गेलेलं परत येत नाही.

एवढं झाल्यावर शेड्युल. त्यात बाकी सगळं तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच, मी एकच सांगते कारण ते कोणी सांगत नाही. स्लॅब भरल्यावर सपोर्ट काढायला जे दिवस सोडतो ना, आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंत स्पॅनच्या (आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला ७ आणि त्याहून मोठ्याला १४, बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१, ते कॅलेंडरचे दिवस असतात, काँक्रीटला सुट्टी नसते. पण सॉफ्टवेअर तुमच्या कामाच्या कॅलेंडरने मोजतं, म्हणजे आठवडी सुट्टी, दिवाळी, होळी सगळं त्यातून वगळतं आणि १४ चे १६-१७ करून ठेवतं. एका स्लॅबला काही वाटत नाही, सात मजल्यांना दोन-तीन आठवडे फुकट गेलेले दिसतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये यासाठी इलॅप्स्ड डे (सुट्ट्या न वगळता मोजलेले दिवस) असतात, प्रायमाव्हेरात लॅगला (दोन कामांमधल्या थांब्याला) वेगळं कॅलेंडर लावता येतं. (आणि हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे आणि १५ डिग्रीच्या वरच्या हवेचे आहेत हे विसरू नका, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे किती असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. स्ट्रक्चरलवाल्यांनी जास्त सांगितलं तर तेच धरा.)

उलट मजुरांच्या कामाला खरं कॅलेंडर लावा, छापील नाही. आमचे बिगारी बुधवारी दुपारनंतर गोदाकाठच्या बाजाराला जायचे ते जायचेच, मी शेवटी बुधवार अर्धा दिवस धरला आणि शेड्युल पहिल्यांदा खरं बोलायला लागलं. सगळं बसलं की बेसलाईन (मूळ शेड्युलची प्रत, पुढे तुलना करायला) सेव्ह करा, पहिली प्रगती भरण्याच्या आधी. नंतर केलेली बेसलाईन म्हणजे पेपर फुटल्यावर दिलेली परीक्षा.

प्रश्न : मखमलाबादच्या पुढे साईट आहे, बेसमेंटमध्ये नेटवर्क शून्य. तीन सुपरवायझर मोबाईलवर एन्ट्री करतात. वर येऊन सिंक केलं की कधी एकाची एन्ट्री गायब, कधी साठा चुकीचा. कंपनीवाले म्हणतात तुमच्या माणसांना वापरता येत नाही, माझी माणसं म्हणतात ॲप खराब आहे. खरं कोणाचं?
प्रोजेक्ट मॅनेजर, पंचवटी

उत्तर : दादा, दोघांचं थोडं थोडं खरं आहे. आधी हे बघा की सिंक म्हणजे होतं काय. नेट नसताना एन्ट्री फोनमध्येच राहते, एका रांगेत उभी असते म्हणा ना, नेट आलं की एकेक करून सर्व्हरवर जाते. ती जाईपर्यंत तिची एकमेव प्रत त्या फोनमध्ये असते. आता त्या पोराने फोन हँग होतोय म्हणून ॲप काढून परत टाकलं किंवा सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर डेटा दाबलं की रांग गेली, ती कोणीच परत आणू शकत नाही, कंपनीवाले सुद्धा नाही. काही ॲपमध्ये नुसतं लॉगआऊट केलं तरी जाते. तुमच्या 'गायब' मधल्या बऱ्याच एन्ट्र्या तिकडेच गेल्या असतील, जरा प्रेमाने विचारा, ओरडलात तर कोणी कबूल करणार नाही.

आता चुकीचा साठा, हे जास्त महत्त्वाचं आहे. समजा सकाळी २०० पोती होती. एकाने बेसमेंटमध्ये १२ वापरली आणि फोनमध्ये शिल्लक १८८ लिहिली. दुसऱ्याने वर २० वापरली, त्याला पहिल्याचं माहीतच नाही, त्याने शिल्लक १८० लिहिली. दोन्ही सिंक झालं. बरीच ॲप अशा वेळी जी एन्ट्री सर्व्हरवर शेवटी पोचली तीच ठेवतात, आणि शेवटी पोचलेली म्हणजे शेवटी लिहिलेली नव्हे हं, सकाळी दहाला लिहून संध्याकाळी सहाला वर आलेला माणूस चारला लिहिणाऱ्याचं पुसून टाकू शकतो. तर स्क्रीनवर १८८ किंवा १८० येणार, आणि खरी शिल्लक १६८. दोघांनी आपापल्या जागी बरोबर लिहिलं आणि उत्तर तरी चुकलं.

उपाय ॲप बदलणं नाही, लिहायची पद्धत बदलणं. शिल्लक कोणी लिहायचीच नाही. 'आज १२ वापरली', 'आज २० वापरली' एवढंच, प्रत्येक वेळी नवीन एन्ट्री, जुनी उघडून दुरुस्त करायची नाही. दोन्ही नवीन असल्या की एकमेकीला पुसत नाहीत, कुठल्याही क्रमाने पोचू द्या, वजाबाकी सर्व्हर करतो आणि १६८ येतात. आपल्या आज्या किराणाची उधारीची वही अशीच ठेवायच्या, रोजची ओळ वेगळी, बेरीज महिन्याने. चुकलं तर खोडायचं नाही, उलटी एन्ट्री टाकायची.

प्रगतीच्या टक्केवारीला हे जमत नाही, तिथे ६० चे ६५ करावेच लागतात, म्हणून तिथे मजले वाटून द्या, बेसमेंट एकाचं, पोडियम दुसऱ्याचं, दुसऱ्याच्या मजल्याची एन्ट्री उघडायचीच नाही. ॲपमध्ये परवानग्या देता येत असतील तर तसं कुलूपच लावा.

आणखी एक, फोन. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप झोपवतात, मग फोन खिशात घालून माणूस रेंजमध्ये आला तरी सिंक होत नाही, ॲप उघडल्यावरच होतं. त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढून टाका. फोटो जड असतात, ते वायफायवरच जाऊ द्या. आमच्याकडे साईट ऑफिसच्या दारात वायफायचा डबा होता आणि संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाने ॲप उघडून पेंडिंग शून्य दाखवायचं, मगच हेल्मेट ठेवायचं. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, नंतर पोरं आपणहून फोन पुढे करायची.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवून मग ऑफिसातून अपलोड करत असाल तर ते बंद करा, साधा फोटो पाठवला की त्यातली जागा आणि वेळ दोन्ही निघून जातात, मग तो कुठल्या कॉलमचा आहे यावर पैज लावावी लागते.

प्रश्न : आम्ही दोन स्लॅब रात्री भरले. क्यूब टेस्टिंगची (काँक्रीटचे ठोकळे मशीनवर दाबून ताकद बघायची) आठवण सॉफ्टवेअर एक दिवस आधीच देतं. सेटिंग सगळी तपासली.
क्वालिटी इंजिनिअर, सातपूर

उत्तर : स्लॅब बारानंतरही चालू होता का? मग बहुतेक हे घड्याळाचं आहे. बऱ्याच सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तुम्ही १५ तारखेला पहाटे दोनला एन्ट्री केली की सर्व्हरसाठी तेव्हा १४ तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि कुठलाही रिपोर्ट नुसती तारीख उचलत असेल तर तो १४ उचलतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातल्या एन्ट्र्याच तेवढ्या मागे सरकतात, दिवसाच्या नाही, म्हणून कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. प्रोजेक्टचा टाइमझोन कोलकाता आहे का बघा, नुसता तुमच्या प्रोफाईलचा नाही, ते दोन वेगळे असतात. आणि भरणीची तारीख असा वेगळा रकाना हाताने भरा, एन्ट्रीच्या वेळेवरून काढू देऊ नका. ७ दिवसांच्या क्यूबला २२ तारखेऐवजी २१ ला मशीनवर नेलं की आकडा कमी येतो आणि आरएमसीवाल्याशी उगाच वाजतं. क्यूबवर खिळ्याने तारीख कोरता ना, तीच खरी माना.

प्रश्न : जुन्या एक्सेलमधून दोन वर्षांचा डेटा टाकला तर काही तारखा बरोबर, काही महिना उलटा, काही आल्याच नाहीत.
प्लॅनिंग असिस्टंट, नाशिकरोड

उत्तर : ज्या कॉम्प्युटरवर उघडलं त्याची तारीख अमेरिकन पद्धतीची होती. ०५/०६ म्हणजे आपली ५ जून, त्याने ६ मे केली. २५/०६ ला पंचविसावा महिना नसतो म्हणून त्याने ती तारीख समजलीच नाही, तशीच अक्षरं म्हणून ठेवली, त्या तुमच्या न आलेल्या. ओळखायची सोपी खूण, अलाइनमेंट कोणी बदललं नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि अक्षरं डावीकडे. कॉलममध्ये दोन्ही दिसली की समजा १ ते १२ तारखांच्या सगळ्या उलटलेल्या आहेत, त्या दिसायला बरोबर दिसतात म्हणून जास्त वाईट. मूळ फाईलवरून परत करा, विंडोजचं रिजन इंडिया करून, आणि बाहेर काढताना आधी वर्ष मग महिना मग दिवस असं लिहा, त्यात कोणाचाच गोंधळ होत नाही. मराठी नावं चौकोन किंवा चित्रविचित्र अक्षरं होत असतील तर सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा. आणि आकडे इंग्रजीच ठेवा, मराठी आकड्यांची बेरीज बऱ्याच सॉफ्टवेअरला येत नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअर टॅलीला (हिशोबाच्या सॉफ्टवेअरला) जोडल्यापासून काही बिलं दोनदा येतायत.
अकाउंटंट, अंबड

उत्तर : दोन्हीकडून एकमेकांकडे पाठवणं चालू ठेवलंय का? माल आणि चलन साईटकडून टॅलीकडे, पेमेंट टॅलीकडून साईटकडे, एका गोष्टीची एकच दिशा ठेवा. आणि ओळख पटवायला नुसता चलन नंबर वापरू नका, चलन नंबर १०१ प्रत्येक सप्लायरकडे असतो, आणि एप्रिलमध्ये परत एकपासून सुरू होतो. सप्लायर, चलन नंबर आणि आर्थिक वर्ष मिळून एक ओळख करा.

प्रश्न : महारेराचं (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) तिमाही अपडेट मी भरते. साईटच्या सॉफ्टवेअरमध्ये ६८ टक्के दिसतं, आर्किटेक्ट फॉर्म १ मध्ये ५५ देतात. साहेब म्हणतात सॉफ्टवेअरचाच आकडा टाक, सिस्टीममधला आहे.
ऑफिस असिस्टंट, गंगापूर रोड

उत्तर : ताई, टाकू नका. दोन टक्केवाऱ्या वेगळ्या गोष्टींच्या आहेत. सॉफ्टवेअर तुमच्या सेटिंगप्रमाणे दिवसांवरून किंवा खर्चावरून काढतं, पायलिंग आणि आरसीसीला खूप दिवस धरले असतील तर ढाचा उभा राहिला की आकडा फुगतो. फॉर्म १ आर्किटेक्टच्या सहीचा, त्यात प्रत्यक्ष झालेलं काम कामाच्या प्रकाराप्रमाणे येतं, फॉर्म २ इंजिनिअरचा खर्चाचा, फॉर्म ३ सीएचा. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के ज्या वेगळ्या खात्यात राहतात त्यातून पैसे काढणं याच सर्टिफिकेटांवर चालतं, त्यामुळे हा नुसता आकड्याचा विषय नाही. साहेबांना सांगायचंच असेल तर असं सांगा की सॉफ्टवेअरची कामं फॉर्मच्या रकान्यांप्रमाणे गटात लावून घेऊ, प्लिंथ, स्लॅब, आतलं प्लास्टर, प्लंबिंग असं, म्हणजे दर तिमाहीला दोन्ही शेजारी ठेवून फरक कुठला ते दिसेल. ते लावायला एक दुपार लागते. तोवर सही ज्याची, आकडा त्याचा.

प्रश्न : मी आडगावला एका वेळी दोन-तीन बंगल्यांची कामं घेतो. मुलगा म्हणतो सॉफ्टवेअर घ्या. घेऊ का?
कॉन्ट्रॅक्टर, आडगाव

उत्तर : काका, आत्ता नको. तुमची साईट तुम्ही रोज डोळ्याने बघता, मुकादम तुमचा, गाडी उतरते तेव्हा बहुतेक तुम्हीच उभे असता. मुलाला एक शेअर केलेली शीट करायला सांगा, पान पहिलं आवक, पान दुसरं वापर, पान तिसरं हजेरी आणि उचल, भरायचं त्याने, दोनदा कोणी भरायचं नाही. ती शीट त्याने चार महिने रोज भरली तर सॉफ्टवेअर घ्या, आणि मग शीटमधली नावं तशीच्या तशी त्यात घाला. नाही भरली तर पैसे वाचले. तुमची लाल वही मात्र टाकू नका, पहिले दोन महिने दर शनिवारी उचल वाटायच्या आधी तिच्याशी शीट ताडून बघा.